हात धरू नये

४ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक वळकटी आणि दादाने जबरदस्तीने गळ्यात मारलेला टेबलफॅन. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत नोकरी धरतेय म्हटल्यावर दादा म्हणाला होता, अकरा वर्षं हॉस्पिटलच्या गोंगाटात काढलीस, आता कानांना जरा आराम मिळेल. दादाला काय कळतंय! एकसष्ट मुलं आहेत आणि आपला आवाज किती होतोय हे त्यातल्या एकालाही ऐकू येत नाही. ताटं आपटतात, खुर्च्या फरफटतात, आणि लांबच्या कुणाला हाक मारायची तर फळ्यांच्या जमिनीवर धाडकन पाय आपटतात, म्हणजे तो हादरा त्याच्यापर्यंत पोचतो. जेवताना माझ्या पेल्यातलं पाणी सारखं थरथरत होतं. मी एकटीच हसत बसले.

माझी खोली तळमजल्यावर अगदी टोकाला आहे. शेजारी चार खाटांची आजाऱ्यांची खोली, एक मोठं बेसिन, औषधांचं कपाट. कपाट मी संध्याकाळपर्यंत लावून टाकलं. इथे दारावर घंटा नाहीत. प्रत्येक दाराच्या वर एक दिवा आहे. बाहेरून बटण दाबलं की तो आत उघडझाप करतो. माझ्या दाराचं बटण मी उगाच तीनदा दाबून पाहिलं.

मुख्याध्यापिकांना सगळे नुसतं बाई म्हणतात. उंच, मोजकं बोलणाऱ्या. सहा वर्षांपूर्वी इथे आल्या. स्वयंपाकघरातल्या मावशींना मात्र तीस वर्षं झाली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "सिस्टर, इथे टिकायचं तर तोंडापेक्षा हात बोलके ठेवायचे."

७ सप्टेंबर, गुरुवार

आज माझं बारसं झालं म्हणायला हरकत नाही. इथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, आणि ते मुलंच ठेवतात, आपण मागून मिळत नाही. बाईंचं नाव म्हणजे नाकावरचा चष्मा वर सरकवणं. मावशी म्हणजे मिठाची चिमूट. दर शुक्रवारी येणारे डॉक्टर म्हणजे दंडावर टोचलेली सुई. माझं नाव दोन्ही तळवे एकमेकांवर चोळणं. दिवसभर हात धुत असते म्हणून. नाव ठेवणारी एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचं स्वतःचं नाव म्हणजे हवेत गरगर फिरवलेलं बोट. मी तिला भिंगरी म्हणते. एका जागी उभी राहील तर शपथ.

मधल्या सुट्टीत ती मला खुणा शिकवते. "दूध पी" असं म्हणायला गेले आणि "गाय हो" असं म्हणून बसले. ती जमिनीवर लोळली हसून.

अजून एक गंमत समजली. वर्गात खुणा केल्या की शिक्षकांना दिसतात, म्हणून मुलं बाकाखाली एकमेकांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढून गप्पा मारतात. भिंगरीने माझ्या हातावर तीनदा लिहिलं तेव्हा कुठे मला वाचता आलं: गणित नको. गुदगुल्या होतात. पण एकदा सवय झाली की डोळे मिटूनही वाचता येतं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दोन मुलांचे डोळे लाल. पापण्या चिकटलेल्या, पाणी गळतंय, उजेड सहन होत नाही. दुपारपर्यंत पाच जण.

डॉक्टरांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं ते मला अपेक्षितच होतं. डोळे आलेत, विषाणूची साथ आहे. याला जादूचं औषध नाही. दहा-पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं, पण तोवर दुसऱ्याला होऊ द्यायचं नाही, हेच खरं औषध. इथल्या शिपायापासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना वाटतं की डोळ्यांत पाहिलं की डोळे येतात. सगळ्यांना गोळा करून समजावलं की नजरेने काही होत नाही. होतं ते हाताने. डोळ्याचं पाणी हाताला, हात दाराच्या कडीला, कडीवरून दुसऱ्याच्या हाताला आणि तिथून त्याच्या डोळ्याला. हा विषाणू कडीवर, नळावर, टेबलावर दिवसचे दिवस तग धरून राहतो.

उद्यापासून कामाला लागायचं. खरं सांगायचं तर अंगात उत्साह आलाय. हे काम मला येतं.

१३ सप्टेंबर, बुधवार

नऊ जण. चार खाटांची खोली पुरेना, म्हणून बाईंनी वरच्या मजल्यावरचं लांब दालन उघडून दिलं. पूर्वी ते आजाऱ्यांसाठीच होतं, आता नुसत्या खाटा आणि मोडक्या खुर्च्या. दोन्ही बाजूंना दहा-दहा खाटा, मध्ये वाट. मागच्या टोकाला एक दार आहे, बाहेरून विटा लावून बुजवलेलं. मागचा जिना पाडला तेव्हा बुजवलं, असं बाई म्हणाल्या.

जमीन, कड्या, खाटांचे गज, सगळं ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून काढलं. खिडक्यांना जाड पिवळे पडदे लावले. भर दुपारी आत औषधी तेलाच्या बाटलीतून पाहावं तसा उजेड पडतो. मुलांच्या डोळ्यांना तेवढाच सोसतो.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

चौदा. भिंगरी चौदावी. वर आणली तेव्हा दोन्ही डोळे सुजून मिटले होते, तरी पायांची चुळबुळ चालूच.

नियमांचा कागद दारावर लावला. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कोपऱ्यात लाल दोऱ्याने शिवलेला आकडा. उशीचे अभ्रे रोज उकळत्या पाण्यात. डोळा पुसायचा तो उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने, एका डोळ्याला एक बोळा, आणि वापरला की झाकणाच्या डब्यात. थेंबांच्या बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, एकाची बाटली दुसऱ्याला नाही. आत येताना आणि जाताना साबणाने हात, नखांसकट.

शेवटचा नियम लिहिताना हात अडखळला. बहुतेकांचे डोळे पूर्ण मिटलेत. ऐकू येत नाही, आता दिसतही नाही. मग ही मुलं खाटेवरून खाली झुकून शेजाऱ्याचा हात शोधतात आणि तळहातावर लिहीत बसतात. त्याच हातांनी डोळे चोळतात. साथ पसरायला याहून सोपी वाट नाही. म्हणून खाटा हात पोचणार नाही इतक्या लांब केल्या आणि कागदावर लिहिलं: हात धरू नये.

मावशी भाताचं पातेलं घेऊन वर आल्या होत्या. कागद वाचला. पातेलं दारातच ठेवलं आणि खाली गेल्या. रोज आत येऊन वाढतात.

१८ सप्टेंबर, सोमवार

खालच्या मजल्यावर नवीन कुणी नाही. नियम लागू पडले. वर मात्र काहीतरी चुकतंय. ज्यांचे डोळे शुक्रवारी निवळायला लागले होते, त्यातल्या तिघांचे पुन्हा लाल झाले, आधीपेक्षा जास्त. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. म्हणाले, कुणीतरी हात लावत फिरतंय, शोधा.

आणि संध्याकाळी टॉवेल मोजले तर ओले पंधरा. चौदा आकड्यांचे. पंधरावा टॉवेल नव्हताच, जुनी, पिवळी पडलेली कापडाची लांब पट्टी होती, डोळ्यांवर बांधायची असते तशी. मध्यभागी दोन ओले डाग. डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, डोळे आले तर आता कुणी पट्टी बांधत नाही, उलट अपाय होतो. जुन्या कपाटातून मुलांनी काढली असेल. मी ती जाळून टाकली.

१९ सप्टेंबर, मंगळवार

तीन मुलांनी आज मला एकच गोष्ट सांगितली. तिघांच्या खाटा लांब लांब आहेत, तिघांचे डोळे मिटलेले, एकमेकांशी बोलायची काही सोय नाही. दुपारी जेवण झाल्यावर कुणीतरी येतं म्हणे. हात उचलतं, उघडतं आणि बोटाने लिहितं. तेच तेच.

कोण आहे?

मी विचारलं, हात मोठा की लहान. लहान. नखं? वाढलेली. आणि ओला, नेहमी ओला.

नखं मी परवा रविवारीच स्वतः कापलीत, चौदाही जणांची.

भिंगरीला विचारलं तर तिने मान फिरवली. ती खोटं बोलत नाही, पण गप्प बसते तेव्हा समजावं.

२० सप्टेंबर, बुधवार

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. पुढे मलाच शंका यायला नको.

दुपारी दोन वाजता. कोण फिरतं ते पकडायचं म्हणून दालनाच्या दाराशी पडद्यामागे स्टुलावर बसले होते. सगळी मुलं आडवी, पिवळा उजेड, पंखे चालू. पंधरा मिनिटं काही नाही.

मग पहिल्या खाटेवरच्या मुलाचा उजवा हात वर आला. त्याने उचलला नाही. मनगट सैल होतं, कुणीतरी खालून धरून उचलावं तसं. मूठ उघडली. तळवा वर. बोटं जराजरा दचकत होती, गुदगुल्या झाल्यावर दचकतात तशी. मला समजलं की त्याच्या हातावर लिहिलं जातंय. खाटेजवळ कुणी नव्हतं. भर दुपार होती, मला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि खाटेजवळ कुणीही नव्हतं.

हात खाली ठेवला गेला. मग दुसऱ्या खाटेवरचा वर आला. मग तिसऱ्या. ओळीने. कुणी हात काढून घेतला, कुणी घाबरून पांघरुणात लपवला. तिथे थोडा वेळ थांबणं, मग पुढे.

सातवी खाट भिंगरीची. तिचा हात आधीच वर होता, तळवा उघडून. वाट पाहत होती. तिथे ते थांबलं. आणि तिकडून लिहून झाल्यावर भिंगरीने दुसऱ्या हाताचं बोट त्या रिकाम्या हवेत ठेवलं आणि उत्तर लिहिलं.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. खाटेपाशी जाऊन त्या जागेत हात घातला. काहीच लागलं नाही. पण हात मागे घेतला तेव्हा बोटांची टोकं ओली होती, कोमट. तीन वेळा साबणाने धुतले.

२१ सप्टेंबर, गुरुवार

बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या की मला विश्रांतीची गरज आहे. रजा घ्या म्हणाल्या. पंधरा वर्षांखालच्या चौदा आजारी मुलांना टाकून कसली रजा?

मग स्वयंपाकघरात गेले. मावशी कणीक मळत होत्या. मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांनीच विचारलं, "लिहून विचारते ना? कोण आहे म्हणून?"

मी पाट ओढून समोर बसले.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अशीच डोळ्यांची साथ. आठ वर्षांची एक मुलगी शाळेत येऊन तीनच दिवस झाले होते. तापात कान गेले होते, त्याआधी साध्या शाळेत जात होती, म्हणून लिहिता येत होतं, पण खुणा एकही येत नव्हती. मुलांनी तिला अजून नावही ठेवलं नव्हतं. सगळ्यांत आधी तिचेच डोळे आले. तेव्हाच्या सिस्टरांनी डोळ्यांवर पट्टी बांधून तिला एकटीला वरच्या दालनात ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, कुणी तिचा हात धरायचा नाही.

"वाईट नव्हत्या हो सिस्टर," मावशी म्हणाल्या. "बाकीच्या पोरांसाठीच करत होत्या. मी ताट ठेवायची, चमचा हातात द्यायची आणि निघायची. एकदा तिने माझा ॲप्रन धरला, घट्ट. दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर लिहायला लागली, कोण आहे, कोण आहे. मी बोटं सोडवून घेतली. अकरा दिवस, सिस्टर. अकरा दिवस तिला कुणी सांगितलं नाही की ती कुठे आहे, डोळे का बांधलेत, हे कधी संपणार. आपण जिवंत आहोत का, हे तरी तिला कसं कळावं?"

अकराव्या दिवशी दुपारी ती भिंत चाचपडत मागच्या दारापर्यंत गेली. बाहेर जिन्याची दुरुस्ती चालली होती. पायऱ्या काढलेल्या होत्या.

मावशींनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तुमचा कागद वाचला आणि पातेलं दारातच ठेवून खाली आले. अक्षर वेगळं, वाक्य तेच."

२२ सप्टेंबर, शुक्रवार

कागद फाडला. बाकी नियम सगळे तसेच, एक बदलला. हात धरायचा. मुलांनी एकमेकांचा नाही, पण मोठ्यांनी प्रत्येक मुलाचा, दर तासाला. लिहून सांगायचं: मी सिस्टर आहे. शुक्रवारचे अकरा वाजलेत. तुझे डोळे बरे होतायत. आज बाहेर ऊन आहे. आणि मग साबणाने हात धुवायचे, दोघांचे, पुढच्या खाटेकडे जाण्याआधी. एवढंच तर करायचं होतं. साबण आणि पाणी. हे मला आधी सुचायला नको होतं?

मावशी पण येतात. बाई सुद्धा आल्या, बाह्या वर केल्या आणि पलीकडची रांग घेतली.

२५ सप्टेंबर, सोमवार

फरक पडलाय. मुलांना आता ठाऊक आहे की कुणाचा हात आपला आणि कुणाचा नाही. परका हात आला की ती मूठ मिटतात. तो निघून जातो. ज्यांना तो लागत नाही त्यांचे डोळे निवळतायत. आज सहा जण खाली गेले.

साथ हातानेच फिरत होती. मी म्हटलं होतं तशीच. फक्त कुणाच्या, ते मला माहीत नव्हतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

तेरा जण खाली. वर फक्त भिंगरी.

डॉक्टरांनी पापण्या वर करून पाहिलं. डोळे स्वच्छ, पांढरे. म्हणाले, सूज नाही, पाणी नाही, ही मुद्दाम उघडत नाहीये. मी तिचा हात हातात घेतला आणि हादरले. तळव्यावरची कातडी गेलीय. अक्षरं काढून काढून, एकाच जागी. कच्चं लाल मांस दिसतंय.

लिहायला तिथे जागा नाही. मनगटावर लिहून विचारलं, डोळे का उघडत नाहीस. तिने माझ्या हातावर सावकाश लिहिलं: मी तिला म्हटलं मी आहे. डोळे उघडले की ती लागत नाही. तिला वाटेल मी पण गेले.

मी विचारलं, भीती वाटते का.

हो, असं लिहिलं. मग पुन्हा, हो.

झोपू देत नाही तिला. चार दिवस. डुलकी लागली की हात उचलून विचारते, आहेस?

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी उजवा डोळा उघडेना. डाव्यात वाळू गेल्यासारखं खुपतंय. आरशात पाहिलं. बुधवारच्या त्या दुपारला नऊ दिवस झाले. हिशेब बरोबर आहे.

मीच केलेला नियम, मलाही लागू. बेसिनपाशी हात धुऊन, उशी-टॉवेल घेऊन वर आले. आठवी खाट. ही वही आणली आहे. बाईंना सांगितलं, दोघी इथेच. जेवण मावशी आणतील.

दादाला फोन केला होता. म्हणाला, डोळेच आलेत ना, चष्मा लाव काळा आणि घरी ये. मी हसले. बरं वाटलं त्याचा आवाज ऐकून.

३० सप्टेंबर, शनिवार

दोन्ही डोळे मिटले. ओळी वाकड्या येत असतील. डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून लिहितेय.

मला ऐकू येतं, एवढा फरक. दुपारी पंखा ऐकू येतो, खाली मुलं पाय आपटतात ते ऐकू येतं. पावलं ऐकू येत नाहीत. ती आली तेव्हा काहीच ऐकू आलं नाही.

भिंगरी शेजारच्या खाटेवर मुसमुसली. ते ऐकू आलं.

मग मी हात पुढे केला. तिच्या खाटेच्या बाजूला, तळवा उघडून, आणि वाट पाहिली. बराच वेळ.

लहान आहे हात. अगदी लहान. मला वाटलं होतं त्याहून—

कोण आहे, असं लिहिलं. मी लिहिलं, सिस्टर.

ती थांबली. बोट माझ्या हातावरच, हलत नाही. नख रुतत गेलं. मी हात काढला नाही. किती वेळ माहीत नाही. मग मी लिहिलं, हात धरायला हवा होता. चुकलं.

नख सैल झालं.

१ ऑक्टोबर, रविवार

भिंगरीला खाली पाठवलं. मी तिच्या मनगटावर लिहिलं, आता मी आहे, तू जा. ती नाही नाही म्हणत होती. तेव्हा मी तिचं हवेत फिरणारं बोट धरून तिचंच नाव तिच्या गालावर काढलं. मग डोळे उघडले असावेत, कारण माझ्या गळ्यात पडली आणि मग पळत गेली. जमिनीवर पावलं. किती जोरात धावते.

मावशी म्हणाल्या, पोरगी बारा तास झोपलीय. जिवात जीव आला.

२ ऑक्टोबर

आज नवीन प्रश्न. भिंगरी कुठे?

खाली, असं मी लिहिलं. बरी झाली.

हात सुटला. गेली. मला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, लाज वाटते लिहायला. पंखा ऐकत पडून राहिले.

आणि मग लक्षात आलं की ती कुठे गेली.

दाराकडे धावले, खाटेवर आपटले. ओरडले, मावशी, बाई. खाली ताटांचा आवाज. मुलांना काय ऐकू येणार. मी जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी फळ्या बडवल्या, पाय आपटले, हादरा जावा म्हणून. मुलांना नाही. तिला. तिलाही हादराच समजेल ना.

आली.

ओला हात. लिहिलं, आहेस?

हो.

२ — की ३

बाई आल्या होत्या. खाली दोन मुलांचे डोळे सकाळी लाल झाले म्हणाल्या. तेवढ्या वेळात. माझी हाक पोचेपर्यंत, तेवढ्याच वेळात दोघं. टॉवेल उकळा म्हटलं, कड्या पुसा, सगळ्यांचे हात धुवा, आणि दर तासाला प्रत्येकाचा हात धरा, एकही विसरू नका. त्या म्हणाल्या, करतोय. रडत होत्या.

मी हात सोडला की ती खाली जाते. एवढं सरळ आहे.

तारीख नको

डॉक्टर आले. पापण्या वर केल्या. म्हणाले डोळे स्वच्छ आहेत, उघडा.

उघडता येतील. मला माहीत आहे. उजेड आहे पलीकडे, पिवळा.

नाही उघडले. मी विचारलं, खाली? म्हणाले, ते दोघं सुधारतायत, नवीन कुणी नाही. बस्स.

डावा तळवा आता बधिर. बरं झालं.

पुन्हा दुपार

तिला नाव नव्हतं. मी विचारलं, काय म्हणू तुला. ती लिहीत नाही. मग माझं बोट धरून स्वतःच्या चेहऱ्यावर नेलं — डोळ्यांच्या जागी —

नाही लिहीत ते.

झोप येतेय. आहेस? हो. आहेस? हो. आहेस? हो. मावशी भरवतात, मी एका हाताने — त्यांनाही समजलंय की दुसरा —

मावशींना म्हटलं, तिचा हात धरणार का थोडा वेळ. त्यांनी हो म्हटलं. लगेच. पुढे केला. तिने मावशींचा हात चाचपला आणि सोडला. ओळखलं असेल.

मावशी जिन्यात बसून आहेत. ऐकू येतंय.

पायाशी गार

पुरत नाही म्हणते. एक हात पुरत नाही. बोट सारखं उजवीकडे येतंय, वहीवर, पेन्सिलीवर. मी बाजूला करते. पुन्हा येतं.

नाही दिला तर जाईल खाली. एकसष्ट —

बाई, हे वाचाल तेव्हा — कड्या, नळ, उशा, सगळं झालं तरी शेवटी हात, हात धरा मुलांचे आणि मग धुवा, दोन्ही, विसरू नका एवढंच —

मागतेय. उजवा देते आता. दिला की लिहिता ये